युद्ध तर १९४५ ला संपलं होतं, मग ही मुलं १९५२ मध्ये कशी गेली?

टीजकाठची_सई

नमस्कार मंडळी. मी गेली अकरा वर्षं इंग्लंडच्या ईशान्येला, डार्लिंग्टनमध्ये राहते. गेल्या रविवारी लेकाला घेऊन जवळच्या एका खेड्यात गेले होते. पाऊस आला म्हणून चर्चच्या आवारात थांबलो. मागे छोटंसं कबरस्तान आहे, त्यात एका ओळीत हवाई दलाचे एकसारखे पांढरे दगड. असे दगड इकडे गावोगावी दिसतात. दुसऱ्या महायुद्धातले असणार असं धरून मी कधी जवळ जाऊन वाचत नाही. पण लेक नुकताच आकडे वाचायला शिकलाय, तो मोठ्याने वाचत सुटला आणि मी थबकले. १९५१. १९५२. १९५२. १९५३. वयं १९, २१, २०, २२.

तिथे गवत काढणाऱ्या एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, नाइट फ्लाइंग. लहानपणी रात्री अंथरुणात पडल्यावर त्यांना जेटचा आवाज ऐकू यायचा. चढत जायचा, आणि कधी कधी मधेच थांबायचा. मग आई उठून खिडकीशी जायची, एवढंच ते म्हणाले.

घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये. बॉम्ब नाहीत, शत्रू नाही, आपल्याच देशावर सरावासाठी उडणारी मुलं. इतकी कशी गेली? आणि रात्रीच का? इथे वायुदलातले, विमानांच्या क्षेत्रातले बरेच जण आहेत, म्हणून विचारते आहे. आपल्याकडेही असं झालं होतं का?

मनीमाऊ

वाचून गलबलून आलं. १९ वर्षं म्हणजे आपल्याकडे एसवायला असतात मुलं.

शंकेखोर

माझा अंदाज: जेट इंजिन नवीन होतं, बिघडत असेल. रात्रीचा संबंध योगायोगाचा असावा. कुणाकडे आकडे आहेत का?

विंगको_निवृत्त

सई, प्रश्न फार योग्य जागी विचारलात, कारण तुमच्या डार्लिंग्टनच्या शेजारचा टीसाइड विमानतळ म्हणजेच आरएएफचा (ब्रिटिश हवाई दलाचा) जुना तळ, मिडलटन सेंट जॉर्ज. युद्धात तिथे बॉम्बर होते. १९५० नंतर तिथे ॲडव्हान्स्ड फ्लाइंग स्कूल आलं आणि नव्या पोरांना ग्लॉस्टर मीटिअर या जेटवर घालायला लागले. थोडं दक्षिणेला लीमिंग, तिथे रात्रीच्या फायटरचे कर्मचारी तयार व्हायचे. म्हणजे तुम्ही राहता तो पट्टा या गोष्टीच्या अगदी मध्यावर आहे.

जून १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं आणि ब्रिटनला अचानक जाणवलं की १९४५ नंतर आपण वैमानिक घरी पाठवून बसलोय. सोव्हिएत बॉम्बर आले तर ते रात्री येणार, ढगातून येणार. मग घाईने शाळा उघडल्या. सक्तीच्या दोन वर्षांच्या लष्करी सेवेतली काही मुलंसुद्धा वैमानिक म्हणून घेतली. शिकाऊ पोरगा पंख्याच्या हार्वर्ड विमानावरून उतरायचा आणि थेट जुळ्या इंजिनांच्या जेटमध्ये बसायचा. शिवाय शिक्षक सोबत बसण्याची सोयही नंतरची. १९४८-४९ मध्ये दोन जागांचं मीटिअर टी-७ येईपर्यंत तर शिक्षकाला मागे बसायला जागाच नव्हती. पुस्तिका वाचायची, कॉकपिटमध्ये बसून बटणं पाठ करायची आणि पहिलं उड्डाण एकट्याने.

शंकेखोर, आकडे हवे होते ना? सगळ्या प्रकारची मिळून चार हजारांच्या जवळपास मीटिअर बनली. त्यातली सुमारे ८९० आरएएफच्या सेवेत नष्ट झाली आणि ४५० च्या आसपास वैमानिक गेले. एकट्या १९५३ मध्ये १४५ विमानं. बहुतेक सगळी शांततेच्या काळात, बरीचशी स्वतःच्याच देशात.

मात्र इंजिन बिघडणं हे मुख्य कारण नव्हतं. इंजिन बंद पडण्याचा *सराव* हे मोठं कारण होतं. मीटिअरची दोन इंजिनं पंखांवर, एकमेकांपासून बरीच लांब. एक बंद केलं की विमान त्या बाजूला जोरात वळू पाहतं. ते आवरायला उलट्या बाजूचं रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, पायाने दाबून धरायचं. वेग एका मर्यादेखाली गेला की पूर्ण ताकदीने पाय मारूनही ते धरत नाही. शाळेत सराव म्हणून खरोखर इंजिन बंद करून उतरायला लावायचे. इंजिन बिघडून जेवढे गेले असते त्याहून जास्त या सरावात गेले, हे पुढे सगळ्यांनीच मान्य केलं.

रात्रीबद्दल उद्या लिहितो, त्याला निवांत वेळ हवा.

ओझरकर

विंगको सर, त्यात एक भर. टी-७ आणि रात्रीची एनएफ मालिका, म्हणजे एनएफ-११ ते १४, यांत इजेक्शन सीटच (वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी सीट) नव्हती. मार्टिन-बेकर कंपनीची सीट एका जागेच्या एफ-८ मध्ये आली. म्हणजे अनुभवी माणसाच्या विमानात सुटकेचा मार्ग, आणि शिकाऊ पोरांच्या व रात्री उडणाऱ्यांच्या विमानात नाही. टी-७ आणि एनएफ-११ ची कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण, जाड पट्ट्यांची, बिजागरीवर बाजूला उघडणारी. हजार फुटांवर काही झालं तर ती उघडून उडी मारणं अशक्यच. मी आयुष्यभर विमानांच्या जोडणीत काम केलंय, हे वाचलं की आजही राग येतो.

मनीमाऊ

बापरे. मग घातली का नाही सीट?

ओझरकर

दोन जागांच्या जुन्या सांगाड्यात बसवायची म्हणजे नवीन विमानच करावं लागलं असतं. आणि घाई होती. घाई हा शब्द या धाग्यात पुन्हा पुन्हा येणार बघा.

कर्णपिशाच्च

मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. पदव्युत्तर शिक्षणात बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये काही दिवस जाण्याचा योग आला होता, त्यामुळे रात्रीबद्दल मी लिहू का? विंगको काका, तुम्ही नंतर दुरुस्त करा.

आपल्या आतल्या कानात दोन प्रकारची यंत्रणा असते. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं *वळलं* की सांगतात. आणि दोन छोट्या पिशव्या, ज्यांत जेलीवर चुनखडीचे बारीक कण बसवलेले असतात, त्या डोकं *कललं* की सांगतात. कण खाली ओढले जातात, जेली सरकते, मेंदू म्हणतो आपण मागे झुकलोय.

आता हे कण बिचारे फक्त ओढ ओळखतात. ती ओढ पृथ्वीची की विमानाच्या वेगवाढीची, हे त्यांना कळत नाही. धावपट्टीवरून जेट सुटतं तेव्हा पाठ सीटला चिकटते आणि कणही मागे सरकतात. मेंदू त्याचा अर्थ लावतो की नाक वर गेलंय. गुरुत्वाकर्षणाच्या फक्त पाव पट वेगवाढ असली तरी सुमारे १४ अंश नाक वर गेल्याचा भास होतो. विमान खरोखर दहा अंश चढत असेल तर वैमानिकाला चोवीस वाटतात. दिवसा डोळे क्षितिज बघून कानाला गप्प करतात. अमावास्येच्या रात्री, धावपट्टीचा शेवटचा दिवा मागे पडला की समोर काहीच नसतं. फक्त कान बोलत असतो आणि तो सांगत असतो की खूप वर जातोयस, आता वेग संपेल, पडशील.

मग हात आपोआप विमान चालवायची काठी पुढे ढकलतो. आणि इथे दुष्टचक्र सुरू होतं. काठी पुढे ढकलली की शरीर थोडं हलकं होतं, त्यामुळे मागची ओढ प्रमाणात आणखी मोठी वाटते, नाक अजून वर गेल्याचा भास होतो, माणूस अजून ढकलतो. विमान पूर्ण शक्तीवर, पंख सरळ, चाकं आत, सगळं व्यवस्थित असताना उथळ उतारावर जमिनीत जातं. वैमानिकाला शेवटपर्यंत वाटत असतं की आपण चढतोय.

कॉलर नावाच्या ब्रिटिश वायुगतिशास्त्रज्ञाने १९४६ मध्येच रात्रीच्या टेक-ऑफनंतरच्या अपघातांकडे बघून हे गणित मांडलं होतं. सई, तुमच्या दगडांवरच्या तारखांच्या कितीतरी आधी.

शंकेखोर

डॉक, अप्रतिम समजावलंत. पण मग समोर यंत्रं होती ना? कृत्रिम क्षितिज दाखवणारं उपकरण होतंच. कान खोटं बोलतोय हे शिकवलेलं असताना यंत्राकडे बघितलं नाही तर ती वैमानिकाचीच चूक नाही का? मला उगाच भावनिक व्हायचं नाहीये, खरंच विचारतोय.

विंगको_निवृत्त

डॉक्टर, दुरुस्त करण्यासारखं काही ठेवलं नाहीत.

शंकेखोर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःला फार उशिरा कळलं. ते कळल्यावर मी 'पायलट एरर' हा शब्द सहज वापरणं सोडलं. त्या काळचं कृत्रिम क्षितिज हवेच्या झोतावर गरगर फिरणाऱ्या चकतीचं (जायरोचं) असायचं. त्याला सरळ ठेवायला छोटी लोंबती पाती असायची. वेगवाढ झाली की ती पातीही मागे झुकायची, अगदी कानातल्या कणांसारखी. परिणाम काय, तर टेक-ऑफनंतर ते यंत्रसुद्धा खोटी चढण दाखवायचं, वर थोडा उजवीकडे कल. पंख्याच्या विमानात वेगवाढ कमी, म्हणून चूक लहान. जेटमध्ये मोठी.

आता बघा. अंधार आहे. कान म्हणतोय चढतोयस. कानावर विश्वास ठेवू नको, यंत्र बघ, असं शिकवलंय म्हणून पोरगा यंत्र बघतो. यंत्रही म्हणतंय चढतोयस. दोन खोटे साक्षीदार एकच साक्ष देताहेत. खरं सांगणारे उरले उंची आणि चढणीचा दर दाखवणारे काटे, तेही मागे रेंगाळणारे. आणि हे सगळं सांगायला बसलो तर पाच मिनिटं लागली, त्या पोराकडे असायचे दहा-पंधरा सेकंद.

उंचीचं यंत्र तीन काट्यांचं. शेकडा, हजार आणि दहा हजार यांचे वेगवेगळे काटे. थकलेल्या माणसाने घाईत वाचलं तर दहा हजारांची चूक व्हायची. त्यानेही बळी घेतलेत, नागरी विमानांचेसुद्धा.

तेव्हा चूक होती का? हो, शेवटची हालचाल त्याच्याच हाताची होती. पण मी अपघातांच्या चौकशी बोर्डावर बसलेला माणूस आहे. चौकशीच्या कागदावर एक रकाना असतो आणि तो भरावा लागतो. मेलेला माणूस हरकत घेत नाही, म्हणून तो रकाना लवकर भरतो. हे मी माझ्याबद्दलही म्हणतोय.

आडवाटेचा_पांथस्थ

+१०००. शेवटचा परिच्छेद वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

सांगलीचा_पिंट्या

वाचनखूण साठवली. काका, रोज एक प्रतिसाद टाकत जा.

गाजरहलवा

जरा अवांतर, पण रात्रीच्या वैमानिकांचा विषय निघालाय आणि माझं सदस्यनाम असं, म्हणजे बोलायलाच हवं. 😀 गाजर खाल्लं की अंधारात दिसतं ही गोष्ट आरएएफनेच युद्धात पसरवली होती. जॉन कनिंगहॅम नावाचा वैमानिक रात्री धडाधड जर्मन विमानं पाडत होता. त्याच्या विमानात रडार होतं, ते लपवायचं म्हणून सांगितलं की तो गाजरं फार खातो. माझी आजी कोल्हापुरात बसून आम्हाला तेच सांगायची. हिटलरसाठी केलेली बतावणी माझ्या ताटापर्यंत पोचली!

कर्णपिशाच्च

आजी अर्ध्या बरोबर होत्या. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, त्यावर गाजर उपयोगी. पण पुरेसं असताना जास्त खाऊन मांजरासारखं दिसायला लागत नाही. हलवा मात्र चालू ठेवा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, म्हणून वैमानिक उड्डाणाआधी लाल दिव्यात बसायचे. एकदा पांढऱ्या उजेडात बघितलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

गाजरहलवा

आजीला आज फोन करून सांगते. ९१ वर्षांची आहे, खूश होईल.

ओझरकर

सईताईंचा शेवटचा प्रश्न राहिलाच. आपल्याकडेही झालं का? झालं ना. भारताकडे १९४८ मध्ये व्हॅम्पायर आलं, ते आपलं पहिलं जेट. १९५३ च्या सुमारास त्याचीच रात्रीची आवृत्ती, एनएफ-५४ आली. वैमानिक आणि रडारवाला शेजारी शेजारी खेटून बसायचे, इजेक्शन सीट नाही. पुढचा सांगाडा लाकडाचा, प्लायवूड आणि बाल्सा. अशा विमानांवर आपल्या लोकांनी रात्रीची लढाई शिकून घेतली.

आणि पुढे मिग-२१. १९६३ मध्ये आलं, आमच्या ओझरला त्याची बांधणी झाली, गेल्या वर्षी, म्हणजे २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये निवृत्त झालं. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं होतं की एकूण ८७२ मिगपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. लोक लगेच 'उडती शवपेटी' म्हणतात. तो शब्द मला अजिबात सहन होत नाही. साठ वर्षं त्या विमानाने सीमा राखली. आम्ही रिव्हेट न् रिव्हेट तपासून पाठवायचो.

खरी चूक कुठे होती, तर मधल्या पायरीत. किरण या शांत ट्रेनरवरून पोरगा उतरायचा आणि थेट मिग-२१ मध्ये, जे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेगाने धावपट्टीला टेकतं. मधला प्रगत जेट ट्रेनर हवा, असं ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये सांगितलं. हॉक प्रत्यक्षात आलं २००८ च्या आसपास. मधली २६ वर्षं मोजा. विंगको सरांनी सांगितलेला हार्वर्डवरून थेट मीटिअर आणि आमचा किरणवरून थेट मिग, यात फरक काय?

धानोरीची_वेणू

पुण्यात हा विषय निघाला की एकच नाव आठवतं. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१, राजस्थानातलं सुरतगड, रात्रीचं उड्डाण, मिग-२१, टेक-ऑफनंतर काही क्षणांत. वय २७. चौकशीत दिशाभ्रमाचं कारण पुढे केलं गेलं. आईवडिलांनी, कविता आणि अनिल गाडगीळ यांनी, ते मान्य केलं नाही. यंत्राचं काय, सुट्या भागांचं काय, हे प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरले. मग पुण्यातच जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट उभी केली, मुलांना सिम्युलेटरवर शिकवायला.

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचताना मला सारखं तेच आठवत होतं आणि थोडं टोचतही होतं. कारण 'कान फसवतो' हे इतकं नीट समजावता येतं की कुणीही ते कारण लावून फाइल बंद करू शकतं.

कर्णपिशाच्च

वेणू, हे अगदी खरं आहे आणि लिहिलंत हे बरं झालं. दिशाभ्रमाची खूण मागे राहत नाही. कानातले कण काय म्हणाले हे शवविच्छेदनात दिसत नाही. त्यामुळे ते निदान बाकी सगळं तपासून, वगळून झाल्यावर करायचं असतं. ते पहिल्या दिवशी लावलं तर ते निदान नव्हेच. सुरतगडच्या अपघाताबद्दल मी काहीही म्हणत नाहीये, एवढं स्पष्ट करते.

विंगको_निवृत्त

वेणूताई, त्या मुलाबद्दल मीही कारण सांगणार नाही. पण एका मुद्द्यावर ओझरकरांशी माझं जमत नाही. सगळं पायरीवर आणि सगळं यंत्रावर ढकलून चालत नाही. मी स्वतः रात्री रीहीटवर (इंजिनाच्या जादा जोरावर) टेक-ऑफ घेतलेत. चांदण्याच्या रात्री आधी उडवायचे, मग काळोखाच्या. पहिल्या काळोख्या रात्री माझ्या शिक्षकाने एकच सांगितलं होतं: चाकं उचलल्यापासून हजार फुटांपर्यंत बाहेर बघायचं नाही, मान हलवायची नाही, रेडिओचा चॅनल बदलायला खाली वाकायचं नाही. मान खाली घालून वर केली की कानातल्या नळ्यांत जे होतं ते डॉक्टर सांगतील. त्या शिस्तीने मी वाचलो. काही मित्र ती पाळूनही वाचले नाहीत, हेही खरं. पण शिस्त शिकवणं थांबवलं आणि सगळं नशिबावर किंवा कारखान्यावर टाकलं, तर उद्याच्या पोराला देणार काय?

ओझरकर

सर, शिस्तीला माझा विरोध कसा असेल? माझं म्हणणं एवढंच की शिस्त शिकायला वेळ लागतो, आणि त्याच वेळात त्याच्या हाताखाली चुका माफ करणारं विमान हवं. तुम्हाला तो शिक्षक मिळाला. १९५२ मधल्या यॉर्कशायरच्या पोराला मागच्या सीटवर कोण होतं? बहुधा त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा दुसरा पोरगा.

विंगको_निवृत्त

हे मान्य.

लोहगावचा_शेजारी

मी विमाननगरला राहतो. रात्री साडेआठ-नऊला सुखोई सुटली की काचा थरथरतात, पोर झोपेतून उठतं. गेल्या वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारीचं पत्र तयार झालं होतं, त्यावर माझीही सही होती. हा धागा वाचून कळत नाहीये काय करावं. एक बाळबोध प्रश्न: रात्री उडायलाच हवं का? आता तर सगळं जीपीएसवर चालतं म्हणतात.

आडवाटेचा_पांथस्थ

बालाकोट पहाटे साडेतीनला झालं. ऑपरेशन सिंदूर रात्री एक वाजून गेल्यावर. १९७१ मध्ये तर आपण मालवाहू एएन-१२ मधून रात्री पाकिस्तानातल्या चांगा मांगाच्या जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर बॉम्ब टाकले होते. हे दिवसा जमलं नसतं. रात्री लढायचं तर रात्रीच शिकावं लागतं.

विंगको_निवृत्त

शेजारी, सही केलीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका, झोप मोडली की माणूस वैतागतोच. फक्त एक विनंती. लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत ते आकाशात सोडायचे लेझर सोसायटीने बंद करवले तर फार मोठं काम होईल. उतरताना डोळ्यात तो किरण गेला की डॉक्टरांनी सांगितलेला अर्धा तास गेला.

लोहगावचा_शेजारी

हे नक्की करतो. सचिव माझा मेहुणाच आहे, त्याला पळून जायला जागा नाही.

शंकेखोर

मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. योगायोग नव्हता.

एक मात्र अजून खटकतंय. कॉलरने १९४६ मध्ये लिहिलं, आणि १९५२-५३ मध्ये मुलं जातच होती. कागदावरचं शहाणपण धावपट्टीपर्यंत पोचायला इतकी वर्षं?

कर्णपिशाच्च

आजही पूर्ण पोचलेलं नाही. नागरी विमानं याच भ्रमाने रात्री टेक-ऑफनंतर, किंवा उतरता उतरता पुन्हा वर जाताना पडलेली आहेत. ज्ञान असून भागत नाही, कारण भास तितकाच खरा वाटतो. बंगळुरूला मला त्या फिरत्या खुर्चीत बसवलं होतं. डोळे बांधलेले, हातात काठी. आपण सरळ आहोत हे मी छातीठोकपणे सांगत होते. पट्टी काढली तेव्हा चांगली डावीकडे कललेली होते. आणि मी कानाची डॉक्टर!

टीजकाठची_सई

तीन आठवड्यांनी परत येते आहे, उशीर झाला त्याबद्दल माफ करा. सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. नवऱ्यालाही वाचून दाखवले.

काल पुन्हा त्या चर्चमध्ये गेले, या वेळी मुद्दाम. विंगको काका आणि ओझरकर, तुमच्यामुळे दगड वेगळे वाचता आले. १९५२ चे दोन दगड शेजारी शेजारी आहेत आणि दोघांवर तारीख एकच आहे, हे मागच्या वेळी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एकाच्या नावाखाली 'पायलट' कोरलंय, दुसऱ्याच्या नावाखाली 'नॅव्हिगेटर'. म्हणजे तुम्ही सांगितलेलं दोन जागांचं रात्रीचं विमान. पुढचा आणि मागचा. वयं २१ आणि २०.

या दगडांच्या वरच्या कोपऱ्यांना खाच आहे, महायुद्धातल्या दगडांना ती नसते. चर्चच्या बाईंनी कारण सांगितलं. युद्धकबरींचा आयोग १९४७ च्या शेवटापर्यंत गेलेल्यांनाच महायुद्धातले धरतो, त्यानंतरचे वेगळे. आजवर तिथे नोव्हेंबरमध्ये लाल पॉपी (युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची फुलं) ठेवल्या जायच्या त्या पलीकडच्या ओळीत, १९४३-४४ च्या दगडांपाशी. या ओळीकडे कुणी फिरकत नव्हतं. स्टॅफर्डशायरमध्ये मात्र २००७ पासून एक मोठं स्मारक आहे, १९४८ पासून सेवेत असताना मरण पावलेल्यांचं, त्यात सरावात गेलेलेही धरलेत. सोळा हजारांवर नावं आहेत. आम्ही नाताळच्या सुट्टीत जाणार आहोत, ही चार नावं शोधायला.

शंकेखोर, तुमचा शेवटचा प्रश्न मी त्या आजोबांनाही विचारला. ते म्हणाले, पायलटच्या आईला शेवटपर्यंत वाटायचं की मुलाने काहीतरी चुकीचं केलं असणार, कारण पत्रात तसं लिहिलं होतं. ती दर वर्षी यायची आणि नॅव्हिगेटरच्या दगडापाशी जास्त वेळ थांबायची.

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद मी इंग्रजीत करून त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो कागद मागून घेतला.

दगडांवर शेवाळ चढलंय. चर्चच्या समितीने पुढच्या शनिवारी साफ करायला परवानगी दिली आहे. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बाकी साबण, ॲसिड काही नाही, असं दोनदा बजावलंय. लेकही येणार आहे, आकडे तो पुसणार म्हणतो.

विंगको_निवृत्त

सई, अक्षरांच्या खाचेतलं शेवाळ लाकडी काडीने काढा, हलक्या हाताने. धातूचं काही लावू नका, दगड मऊ असतो.

मनीमाऊ

फोटो नक्की टाक.